फुगलेली बॅटरी घरात नको, जुगाड तर नकोच

आपल्या वस्तीत मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. अंबड-सातपूरच्या कंपनीतला रात्रपाळीचा निरोप त्यावर येतो. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला ठेकेदार त्यावरच बोलावतो. पार्सल पोचवणाऱ्या पोराची रोजीरोटी त्यावर चालते आणि मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपीही त्यावरच येतो. म्हणून बॅटरी दुपारीच उतरायला लागली की घरात काळजी सुरू होते. नवी, चांगली बॅटरी म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी. मग कोणी व्हिडिओ दाखवतो, कोणी मित्र युक्ती सांगतो आणि जुगाड सुरू होतो.

या जुगाडाबद्दल आज स्पष्ट बोलायचे आहे. परिचारिका म्हणून आम्ही भाजलेल्या माणसांच्या जखमा धुतल्या आहेत, आणि आता वस्त्यावस्त्यांतून आरोग्याचे काम करतो. आमचे मत असे की मोबाईलची बॅटरी घरी उघडणे, टोचणे, दुसरीला जोडणे हे ताबडतोब थांबले पाहिजे. पण त्यासाठी गरिबाला नुसते 'अडाणी' म्हणून चालणार नाही. जुगाड अडाणीपणातून येत नाही, हिशेबातून येतो. पैसे वाचवण्याच्या त्या हिशेबात एक आकडा धरायचा राहून जातो. तो आकडा भाजण्याचा आहे.

बॅटरीच्या पोटात काय असते?

आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती बाजारात आली १९९१ साली. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ मध्ये तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वस्तू उत्तमच आहे, पण नाजूक आहे. आत दोन धातूंच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, एक तांब्याची आणि एक ॲल्युमिनियमची, आणि दोन्हींवर रसायनाचा लेप असतो. त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो आणि सगळे एका ज्वलनशील द्रवात भिजलेले असते. तो पडदा फाटला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते.

५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. ९ वॉटचा एलईडी बल्ब दोन तास जळेल एवढी. ही ऊर्जा दोन तासांत हळूहळू बाहेर आली तर उजेड देते, काही सेकंदांत बाहेर आली तर आग लावते.

अशी बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास पूर्ण भरते. काही नव्या बॅटऱ्यांची मर्यादा थोडी जास्त असते. त्यापुढे भरत राहिली की ती तापते, आत वायू तयार होतो. म्हणून बॅटरीवर एक छोटी सर्किटची पट्टी बसवलेली असते. ती जास्त भरणे, जास्त उतरणे आणि शॉर्ट होणे रोखते. बॅटरीला प्लस-मायनसशिवाय तिसरा पॉइंटही असतो. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी किती तापली हे त्यावरून कळते. जुगाडात पहिला बळी जातो तो या पट्टीचा आणि या तिसऱ्या पॉइंटचा.

कोणते जुगाड, आणि त्यात धोका काय?

फुगलेल्या बॅटरीला सुई किंवा खिळ्याने टोचून 'हवा काढणे'. ती हवा नसते. आतला द्रव बिघडून झालेला तो वायू असतो, आणि तो पेट घेऊ शकतो. सुई पडद्यातून आरपार गेली तर त्याच क्षणी आतले शॉर्टसर्किट तुमच्या हातात होते. फुगलेली बॅटरी दाबून, वर चिकटपट्टी लावून झाकण बसवणे हेही तेवढेच घातक आहे.

दोन बॅटऱ्या वायरने जोडून 'डबल बॅकअप' करणे. एक बॅटरी भरलेली आणि दुसरी उतरलेली असेल, तर जोडताक्षणी भरलेलीतून उतरलेलीत करंट धावतो आणि दोन्ही तापतात. शिवाय फोनला एकाच बॅटरीचा अंदाज असतो. दुसरी किती तापली हे त्याला कळतच नाही.

जुन्या लॅपटॉपचे सेल भंगारातून आणून पॉवर बँक बनवणे. हे सेल गोल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एका जुन्या पॅकमधले सहा सेल सहा वेगवेगळ्या अवस्थांत असतात. एक जरी आतून खराब असला तरी तो बाकीच्या पाचांना घेऊन पेटतो. त्यांच्यावर थेट सोल्डर मारले तर आतला पडदा उष्णतेनेच खराब होतो.

मेलेल्या बॅटरीला ९ किंवा १२ व्होल्टचा झटका देऊन 'जिवंत करणे'. फार दिवस पूर्ण उतरून पडलेल्या बॅटरीत तांब्याची पट्टी विरघळू लागते. पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबे नको तिथे जमते आणि आत शॉर्टसर्किटचा रस्ता तयार होतो. बॅटरी चालू झालेली दिसते. धोका आठवड्यानेही बाहेर येऊ शकतो, आणि तोवर तो फोन उशाशी असतो.

बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवणे. बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी सुटते. आणि गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर आत लिथियम धातूचा थर बसू लागतो, जो पुढे पडद्याला भोक पाडू शकतो.

सर्किटची पट्टी काढून टाकून बॅटरी थेट वायरने किंवा सोलरच्या प्लेटने चार्ज करणे. यात तर सगळे पहारेच उठवले जातात. उन्हाप्रमाणे प्लेटचा दाब वर-खाली होतो आणि भरणे थांबवायला कोणीच नसते.

या घटना लांबच्या नाहीत

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या नाशिकच्या सिडकोत, उत्तमनगर भागात, चार्जिंगला लावलेल्या मोबाईलचा स्फोट झाल्याची बातमी आली. तीन जण जखमी झाले आणि शेजारपाजारच्या घरांच्या काचा फुटल्या. सिडकोतली घरे निदान विटांची आहेत. फुलेनगर, मल्हारखाण किंवा गंजमाळच्या पंचशीलनगरात भिंतीला भिंत लागून आहे, वर पत्रा, आत गॅसची टाकी, आणि बाहेर पडायला एकच दार. तिथे एका घरातली आग त्या घरापुरती राहत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात वारला. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशातल्या बरेली जिल्ह्यात एका गरीब घरात साधा फोन सोलरच्या प्लेटला चार्जिंगला लावलेला होता. त्याची बॅटरी फुगलेली होती. फोन फुटला आणि आठ महिन्यांची मुलगी गेली. दोन्ही ठिकाणी बॅटरी चार्ज होत होती ती झोपलेल्या लेकराच्या जवळ.

पैसेवाल्यांच्या वस्तूंनाही हे चुकलेले नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला आपला गॅलक्सी नोट ७ हा महागडा फोन बॅटरी पेटण्याच्या तक्रारींमुळे जगभरातून परत घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कारखान्यात जे चुकू शकते, ते आपण घरी चिकटपट्टी आणि ब्लेडने नीट करू, हा विश्वास सोडला पाहिजे.

हिशेबात राहून गेलेला आकडा

बॅटरीचा जाळ बहुधा हातावर, मांडीवर किंवा तोंडावर येतो, कारण फोन हातात, खिशात किंवा कानाशी असतो. हात भाजला की ड्रेसिंगचे आठवडे सुरू होतात. तेवढ्या दिवसांची मजुरी जाते आणि सोबत बसणाऱ्या आईची किंवा बायकोची घरकामेही सुटतात. जखम बोटांच्या पेरांवर असेल आणि व्यायाम नीट झाला नाही तर कातडी आखडते, मूठ वळत नाही. मूठ न वळणारा हात ना पाना धरू शकतो ना सुई. मुलीच्या चेहऱ्यावर डाग राहिला तर समाज तिला काय काय ऐकवतो ते आपल्याला ठाऊक आहे. एका बाजूला नव्या बॅटरीचे पैसे मांडा आणि दुसऱ्या बाजूला हे सगळे. मग सांगा स्वस्त काय पडले.

पेट घेतलाच तर

आधी लेकरांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर काढा. हात पोचत असेल तर बोर्डावरचे बटण किंवा मेन स्विच बंद करा. वीज बंद झाल्यावर पेटलेल्या फोनवर दुरूनच भरपूर पाणी ओता. इथे पाण्याचे काम विझवण्यापेक्षा थंड करण्याचे आहे. गॅस बंद केल्यावरही दूध क्षणभर वर येतच राहते, तसा चार्जर काढल्यावरही बॅटरीतला जाळ आपोआप थांबत नाही, विझून पुन्हा पेटतो. धूर हुंगू नका. त्यात हायड्रोजन फ्लोराईडसारखे विषारी वायू असतात. आग वाढली तर फोनचा नाद सोडून बाहेर पडा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

भाजलेल्या जागी लगेच नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडत राहा. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नका. डॉक्टरला आधी तोच लेप काढावा लागतो आणि ते जखमीला भाजण्याइतकेच सोसावे लागते. स्वच्छ, धुतलेल्या कपड्याने सैल झाका. बॅटरीतला द्रव डोळ्यात गेला तर डोळा उघडा ठेवून किमान १५-२० मिनिटे पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा. चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, धूर छातीत गेला असेल किंवा मूल भाजले असेल, तर जखम लहान दिसली तरी थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला गाठा.

बॅटरी जास्त टिकवायचीच आहे ना?

त्याचे सुरक्षित मार्ग आहेत आणि ते फुकट आहेत. बॅटरी रोज शून्यावर नेऊ नका. जमेल तेव्हा २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. उष्णता तिची शत्रू आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली, चुलीजवळ, गाडीच्या डिकीत किंवा उशीखाली फोन ठेवू नका. चार्जिंग फरशीवर किंवा मोकळ्या फळीवर करा, गादीवर नको, आणि शेजारी डिओड्रंटची, डास मारायच्या स्प्रेची बाटलीही नको. स्क्रीनचा उजेड कमी करा, नको ती ॲप बंद ठेवा. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून-उतरून झाल्यावर बॅटरीचा दम कमी होतोच. तो तिचा दोष नाही, वय आहे. तेव्हा ती बदलायची. घेताना भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ ही खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा आणि बिल मागा. बिल मागायला लाजू नका.

फक्त आपल्यावर ढकलू नका

आम्ही वस्तीला सांगतो तेवढेच प्रशासनालाही सांगतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे आणि नागरिकांना त्या वेगळ्या द्यायला सांगितले आहे. मग द्यायच्या कुठे? घंटागाडीतच टाकल्या तर गाडीत दाबल्या जाऊन पेटतील, आणि तिथे हात घालणारा सफाई कामगार बहुतेक वेळा आपलाच भाऊ असतो. घंटागाडीवर बॅटरीसाठी वेगळा डबा हवा, ही आमची महापालिकेकडे मागणी आहे.

दुसरी मागणी आपल्या रिपेअरिंगवाल्या पोरांसाठी. त्यांच्या हातात कला आहे, त्यांना हुसकावून उपयोग नाही. सातपूरच्या आयटीआयसारख्या ठिकाणी त्यांना बॅटरी सुरक्षेचे चार दिवसांचे शिक्षण आणि प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. 'हे माझ्याकडून होणार नाही, बॅटरी बदला' असे गिऱ्हाइकाला सांगण्याचे बळ त्यातून येईल.

१९४३ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीज धोरणाच्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण ती गरिबाला दारिद्र्यातून बाहेर काढू शकते, असा त्यांचा आग्रह होता. ती वीज आज आपल्या खिशात आली आहे. ती सुरक्षितही मिळावी, हा आपला हक्क आहे.

तोवर या रविवारी एवढे करा. घरातले सगळे जुने फोन, पॉवर बँक बाहेर काढून सपाट फरशीवर ठेवा. जो फोन गोल फिरतो, ज्याचे झाकण उचलले आहे, ज्याची बॅटरी फुगली आहे, तो बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. बॅटरी घरी उपसून काढू नका. फोन तसाच पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, घराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन द्या. शेजारच्या आजीला हे वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवा आणि तिचा फोनही तपासा. भिंत एकच आहे.