भाडेकरू की आयकर खात्याचा बिनपगारी कारकून?

परदेशात राहणाऱ्याचा कर आधीच कापून घ्यायला माझा विरोध नाही. माणूस हद्दीबाहेर गेला की वसुली अवघड, हे उघड आहे. कॅलिफोर्नियासुद्धा तेच करतं. भागीदारीतला एखादा भागीदार दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर तिथल्या नफ्यातून त्याला पैसे देताना फर्म ७ टक्के कापून राज्याला भरते. पण तिथे वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत सूट आहे, आणि हे काम करते ती धंदा करणारी, हिशेब ठेवणारी फर्म.

आपल्याकडे? भाडेकरू!

गारखेड्यात १५ हजारांचा फ्लॅट घ्या. मालक सिडकोत राहत असेल तर एक तारखेला पैसे टाकले, विषय संपला. महिना ५० हजारांपर्यंत तुम्हाला काही कापायचंच नाहीये. तोच मालक न्यू जर्सीत असेल तर पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के. दरमहा ४,६८० रुपये. त्यासाठी टॅन काढा, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरा (मार्चचं तेवढं ३० एप्रिलपर्यंत), दर तिमाहीला विवरणपत्र द्या. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. कापलंच नाही तर वसुली तुमच्याकडून, व्याजासकट.

खरी गंमत पुढे आहे. वर्षाचं भाडं १ लाख ८० हजार. ३० टक्के वजावट गेली की उरले १ लाख २६ हजार. मालकाचं भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर त्याचा कर किती? शून्य! म्हणजे मी ५६,१६० रुपये कापायचे, भरायचे, आणि त्याने रिटर्न भरून ते परत मागायचे. असला कोड आमच्या टीममध्ये रिव्ह्यूला आला असता तर लिहिणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं :-)

"कमी कपातीचा दाखला मिळतो की!" मिळतो. पण अर्ज मालकाने करायचा, आणि दाखला त्या आर्थिक वर्षापुरता. एवढ्याशा भाड्यासाठी सीएची फी कोण भरणार? मग एजंट हळूच सुचवतो, भाडं मालकाच्या आईच्या खात्यावर टाका. सरकारला ना कर मिळतो ना माहिती, आणि जबाबदारी तरी आपल्याच गळ्यात.

२०२६ च्या अर्थसंकल्पात अनिवासी माणसाकडून घर विकत घेणाऱ्यांना टॅनच्या कटकटीतून सोडवायचा प्रस्ताव आला, पॅनवरच चलन भरायचं. छान! घर घेणाऱ्याला जे जमतं ते भाडेकरूला का नाही? आणि ५० हजारांची मर्यादा मालकाच्या पत्त्यावरून का बदलावी? पॅन दोघांकडेही आहे, पैसे बँकेतूनच जातात. मालकाचा कर मालकाच्या रिटर्नमध्ये बघा की राव.