आठ विभक्तींचे कारीट

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अंगठ्याखाली कारीट फोडतो. यंदा त्याच्या शेजारी आणखी एक वस्तू ठेवावी म्हणतो: मराठीच्या आठ विभक्तींचे कोष्टक! पंडितमंडळी रागावतील. रागावोत बापडी. मी मॅट्रिक झालेला मास्तर खरा, पण वीस वर्षे हे कोष्टक मुलांकडून घोकून घेण्याचे पाप मीच केले आहे. त्याविरुद्ध ओरडण्याचा अधिकार माझ्याइतका कोणाला?

द्वितीयेचे प्रत्यय काय? स, ला, ते. आणि चतुर्थीचे? स, ला, ते! संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही रूपेच निराळी. तिथे दोन खण हवेतच. आपल्याकडे ‘रामाला बोलावले’ आणि ‘रामाला पेढा दिला’ यांत रूपाचा काडीइतका फरक नाही. अर्थ निराळा, हे कबूल. त्यासाठी कारकविचार आहे ना! एकच सदरा दोन खुंट्यांवर कसा टांगणार? मागच्या चाचणीत एका पोरीने सुट्या ‘ला’पुढे ‘द्वितीया किंवा चतुर्थी’ असे लिहिले. उत्तरसूचीत ‘चतुर्थी’ होते. मी गुण कापला, आणि रात्री मला जेवण गेले नाही.

मग मराठी शब्दाची खरी घडण कोणती? घरातल्या चारपाच वर्षांच्या पोराला विचारा. ‘घोडावर’ नव्हे, ‘घोड्यावर’ बसायचे, हे त्याला कोणत्या पंतोजीने शिकवले? त्याच्या जिभेवर नाम दोन रूपांनी नांदते, एक मोकळे आणि एक जोडणीचे: घोडा–घोड्या, देऊळ–देवळा, पाऊस–पावसा, भाऊ–भावा. दुसऱ्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. ते हाती आले की ‘ला’ लावा, ‘ने’ लावा, ‘साठी’ लावा, ‘वर’ लावा. शब्द कुरकुरत नाही. असे असता ‘ला’ मानाच्या पाटावरचा प्रत्यय आणि ‘साठी’ मात्र ओसरीवरचे शब्दयोगी अव्यय, हा पंक्तिभेद कशासाठी? ‘चा’ तर घोड्याचा लगाम, घोड्याची शेपटी, घोड्याचे खोगीर असा पुढच्या नामाकडे पाहून विशेषणासारखा बदलतो. त्यालाही आपण षष्ठीच्या खणात कोंबले! ‘घरी’, ‘दारी’ अशी जुन्या सप्तमीची रूपे अजून टिकून आहेत, त्यांना खुशाल वेगळी जागा द्या. पण चार जुन्या भांड्यांसाठी सगळे स्वयंपाकघर आजोळच्या नकाशावर बांधायचे?

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामल्यांचा ग्रंथ १९११ साली. त्या थोरांनी रान तोडून वाट पाडली. त्यांना माझा दंडवत. अरविंद मंगरूळकरांनी तर १९६४ साली पुस्तकाच्या नावातच ‘पुनर्विचार’ हा शब्द घातला. तरी स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत आजही तेच कोष्टक, तेच स-ला-ते, आणि तीच घोकंपट्टी.

त्या पोरीचा गुण मी दुसऱ्या दिवशी तिला परत दिला. हेडमास्तरांनी अद्याप विचारलेले नाही. विचारले, तर हा अंक पुढे करीन.