साहेबाचं प्रगतिपुस्तक कोण भरणार?

आपल्याकडे साहेब कसा होता हे दोनदाच बोललं जातं. एकदा निरोप समारंभात, माईकवर. दुसऱ्यांदा त्याच संध्याकाळी, चहाच्या टपरीवर. माईकवर साहेब "शिस्तीचे कडक, पण मनाने हळवे" असतात. शाल-श्रीफळ होतं, फोटो ग्रुपवर पडतो. टपरीवर तेच लोक म्हणतात, "सुटलो बाबा एकदाचे." यातलं खरं कोणतं ते सगळ्यांना माहीत असतं. पण साहेब पुढच्या तालुक्याला जातो तो माईकवरचं सर्टिफिकेट घेऊन. टपरीवरचं इथंच राहतं.

आपल्या भोकरदनमध्ये तहसील आहे, पंचायत समिती आहे, नगर परिषद, ग्रामीण रुग्णालय, महावितरण आहे. बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था आहेत. प्रत्येक ठिकाणी एक खुर्ची अशी असते की जिच्या हाताखाली दहा-वीस माणसं राबतात. खुर्चीवरच्या माणसाला ही माणसं सांभाळता येतात का, हे नीट तपासायला पाहिजे. आणि ते हाताखालच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

"हा ऑफिसातला आतला मामला, आपल्याला काय करायचंय?" असं कोणी म्हणेल. आपल्याला खूप काही करायचंय. पंचनाम्याचंच घ्या.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते आपण पाहिलंय. पंचनामे कोण करतं? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. नावं मोठी झाली, पण चिखल तुडवायचा तो तेवढाच. समजा, एकाकडे दोन-तीन गावांचा भार आहे. व्हीसीत आदेश येतो, "दोन दिवसांत शंभर टक्के." तो म्हणतो, "साहेब, शेतात पाय रुततोय, पाच दिवस लागतील."

आता पुढे काय होणार, ते साहेबावर आहे. एक साहेब दुसरीकडची दोन माणसं काढून देतो आणि वर स्वतः सांगतो की दोन दिवसांत होणार नाही. दुसरा म्हणतो, "कारणं सांगू नका, मेमो काढीन." दुसऱ्या साहेबाच्या तालुक्यात दोन दिवसांत शंभर टक्के होतं. कागदावर. व्हीसीत शाबासकी त्यालाच मिळते. आणि बांधावर कोणी आलंच नाही म्हणून एखाद्या शेतकऱ्याचं नाव यादीत नसतं. साहेबाला माणसं सांभाळता आली नाहीत, त्याची किंमत त्या शेतकऱ्याने मोजली.

आपल्याच जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानातला कोट्यवधींचा घोटाळा 2025 मध्ये गाजला. बोगस नावांवर पैसे उचलल्याचे आरोप झाले, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. जो दोषी असेल त्याला शिक्षा व्हावीच, त्यात दुमत नाही. पण एवढं मोठं प्रकरण चालू असताना त्या कचेऱ्यांत कोणालाच काही दिसलं नसेल? दिसलं असेल तर तो बोलला का नाही? बोलला असेल तर ऐकलं कोणी? पैसा कुठे गेला हे चौकशीत निघेल. पण हाताखालच्याला तोंड उघडायची हिंमत होईल असं वातावरण होतं का, हा प्रश्न कोणाच्या अहवालात येणार?

आता मूल्यमापनाची पद्धत बघा. पूर्वीचा गोपनीय अहवाल, आजचा कार्यमूल्यमापन अहवाल. खालच्याचा वरचा लिहितो, वरच्याचा त्याच्याही वरचा लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद त्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. चांगलं झालं. वरचा आपल्याबद्दल काय लिहितो हे खालच्याला कळायला लागलं. पण खालच्याला वरच्याबद्दल काय वाटतं हे लिहायला मात्र कागदच नाही. शाळेत गुरुजींनी पोरांना मार्क द्यावेत आणि गुरुजी शिकवतात कसे ते फक्त संस्थाचालकाने ठरवावं, पोरांना कोणी विचारूच नये, तसला हा प्रकार.

2025 च्या जानेवारीत मुख्यमंत्री फडणवीसांनी शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणांचा कार्यक्रम आणला. सात कलमं होती: संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक, क्षेत्रीय भेटी. भारतीय गुणवत्ता परिषदेकडून तपासणी करून घेतली आणि 1 मे ला निकाल लावला. सरकारने स्वतःच्या कचेऱ्यांना जाहीर मार्क द्यावेत ही गोष्ट मला मनापासून आवडली. पण त्या सात कलमांत "हाताखालच्या माणसांना विचारा" असं कलम नव्हतं. भिंत रंगवली की दिसते, रेकॉर्ड रूम झाडली की दिसते. भिंतीआड माणूस कसा जगतोय ते दिसत नाही, ते विचारावंच लागतं.

न विचारल्याने काय होतं, तेही आपल्या राज्याने पाहिलंय. मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 ला स्वतःचं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाच्या जाचाबद्दल लिहिलं होतं, वर सांगूनही उपयोग झाला नाही असंही लिहिलं होतं. खासगीतही वेगळं नाही. 2024 मध्ये पुण्यात ईवाय या बड्या कंपनीत लागलेली 26 वर्षांची सीए मुलगी चार महिन्यांत गेली. कामाच्या ताणाने पोर गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्रात लिहिलं. कंपनीने ते मान्य केलं नाही. आपल्या तालुक्यातली किती पोरं आज वाळूज, शेंद्रा, चाकण, पुण्यात सुपरवायझरच्या हाताखाली आहेत, ते घराघरांत विचारा. पगार किती ते आपण विचारतो. साहेब कसा आहे ते विचारत नाही.

गूगलवाल्यांनी 2009 च्या आसपास "प्रोजेक्ट ऑक्सिजन" नावाने याचा अभ्यास केला होता. मुळात मॅनेजर लागतो तरी कशाला, इथून सुरुवात होती. हाताखालच्या लोकांचे सर्वे आणि मुलाखती घेतल्यावर कळलं की मॅनेजर चांगला असेल तर माणसं टिकतात आणि कामही चांगलं होतं. चांगल्या मॅनेजरचे आठ गुण निघाले. पहिला गुण, तो शिकवतो, घडवतो. स्वतःचं तांत्रिक ज्ञान यादीत आठवं, म्हणजे शेवटचं आलं. आपल्याकडे सिनिऑरिटी झाली की खुर्ची. माणसं सांभाळायला शिकवलं कोणी? कोणीच नाही.

मग विचारायचं काय? "साहेब आवडतो का?" हे अजिबात विचारू नका. आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. वर्षातून एकदा, नाव न लिहिता, पाच साधे प्रश्न:

1. काम होणार नाही हे साहेबाला तोंडावर सांगता येतं का?
2. चूक झाली तर साहेब वर आपल्या पाठीशी उभा राहतो, की बोट दाखवून मोकळा होतो?
3. कामाची वाटणी सारखी होते, की जो करतो त्याच्याच डोक्यावर ओझं?
4. वर्षभरात त्याच्याकडून एक तरी नवीन गोष्ट शिकलात का?
5. साहेब आठ दिवस रजेवर गेला तर ऑफिस चालतं का?

पाचवा नीट वाचा. साहेब रजेवर असला की सही अडते, लोक हेलपाटे मारतात आणि आपण म्हणतो, "साहेबाशिवाय पान हलत नाही." ही तारीफ नाही. ही नापासाची खूण आहे.

यावर आक्षेप येणार ते मला माहीत आहे. पहिला: कामचुकार लोक कडक साहेबाला मुद्दाम पाडतील. एखादा पाडेलही. पण वीसपैकी अठरा जण एकच गोष्ट सांगत असतील तर अठराच्या अठरा कामचुकार आहेत काय? आणि असतील, तर तीन वर्षं त्यांना तसंच ठेवणारा साहेब पास कसा? शिवाय कडक वेगळा आणि जाचक वेगळा. कडक साहेब वेळेवर येतो आणि वेळेवर यायला लावतो. जाचक साहेब दुपारी बाराला येतो आणि रात्री साडेआठला अर्जंट माहिती मागतो. शिपायापासून सगळ्यांना हा फरक कळतो.

दुसरा आक्षेप जड आहे. केंद्रात बड्या अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी चौफेर अभिप्राय घ्यायची पद्धत आणली, तेव्हा ती अपारदर्शक आहे असे ताशेरे संसदीय समितीने 2017 मध्ये ओढले. बरोबरच आहे. कोणाला विचारलं, काय विचारलं, हे गुपित ठेवलं तर ते मूल्यमापन राहत नाही, कुजबुज होते. म्हणून प्रश्न सगळ्यांना माहीत असावेत, सगळ्या कर्मचाऱ्यांना विचारावेत, निकाल आधी त्या साहेबाला दाखवावा आणि सुधारायला एक वर्ष द्यावं. झाकायचं ते फक्त उत्तर देणाऱ्याचं नाव.

याला ना मोठा निधी लागतो ना नवीन कायदा. एक कागद आणि एक पेटी लागते. तालुक्याची आमसभा होते तेव्हा आपण रस्ता, रोहित्र, घरकुल विचारतो. ते विचारूच. पण या वेळी आमदारांसमोर हेही विचारू की कोणत्या खात्यातले लोक सारखी बदली मागतात, कोणत्या टेबलावर माणूस टिकत नाही, आणि ही पाच प्रश्नांची पेटी एका तरी ऑफिसात ठेवायची तयारी आहे का? पतसंस्था आणि शाळा चालवणाऱ्यांनी तर कोणाच्या आदेशाची वाट बघायची गरजच नाही. सोमवारी पेटी ठेवा.

जो साहेब चांगला आहे त्याला या पेटीची भीती नाही. उलट त्याचं चांगलं काम पहिल्यांदाच कागदावर येईल. "आमच्याकडे हे चालणार नाही" असं जो सगळ्यात आधी म्हणेल, त्याच्या ऑफिसपासून सुरुवात करा.