दीड लाखाची जुनी गाडी घ्यावी का? दुकानदाराचा हिशोब

मागच्या आठवड्यात खामगावचे एक किराणा दुकानदार माझ्या दुकानात येऊन बसले. सीझन बरा गेला होता, हातात दीड लाख उरले होते. म्हणाले, "भाऊ, हे पैसे डाऊन पेमेंटले भरून नवी गाडी घेऊ, का एवढ्यातच जुनी घेऊ? काम काय, तं घर, दुकान, बँक अन् पोराची शाळा. दिवसाले दहा-बारा किलोमीटर."

मी त्यांना विचारलं, गाडी कशासाठी पाहिजे? तर उत्तर आलं, धंद्यासाठी.

इथेच मला थांबवावंसं वाटतं. गाडी घेतली की धंदा वाढतो, लोक मान देतात, बँक लोन देते, असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी स्वतः ट्रेनिंग देतो, तरी सांगतो, शेगाव-खामगावसारख्या गावात गिऱ्हाईक गाडी पाहून येत नाही. माझं दुकान पॅकिंगच्या सामानाचं. कागदी प्लेट, द्रोण, कचोरीचे बॉक्स. कचोरीवाल्याला बॉक्स वेळेवर पोचला का, एवढंच बघायचं असतं. मी पायी आलो की कारने, याचं त्याला काही पडलेलं नाही.

आता हिशोब करू. दिवसाला १२ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३०० किलोमीटर. गावातल्या गावात जुनी छोटी पेट्रोल गाडी १४ चं ॲव्हरेज देते असं धरा, पेट्रोल १०५ रुपये धरा. महिन्याला साधारण २,२५० रुपये. गाडी १ लाख ४० हजाराला घेतली आणि चार वर्षांनी ७० हजाराला विकली, तर वर्षाला साडेसतरा हजार असेच गेले. मेंटेनन्सला वर्षाचे १५ हजार बाजूला ठेवा. १००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स २०२२ च्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी. सगळं मिळून महिन्याला पाच हजाराच्या थोडं वर, दिवसाला दोनशे रुपये. तेवढ्यात तुम्ही रोज चार वेळा स्पेशल ऑटो केला तरी हिशोब जवळपास तोच. आणि स्कूटरवर हेच ३०० किलोमीटर सातशे रुपयांच्या पेट्रोलमध्ये होतात.

म्हणजे स्वस्तातली जुनी गाडीसुद्धा पैसे वाचवत नाही, राजेहो! मे महिन्यात दुपारी दोन वाजता आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं, पावसात दोन पोरं आणि दोन दप्तरं असतात, त्यासाठी आपण महिन्याला चार-साडेचार हजार जास्त मोजतो. मोजावेत, माझा विरोध नाही. मीही मोजतो. फक्त तो खर्च घरखर्चाच्या वहीत लिहा, धंद्याच्या वहीत नको.

आणि घरखर्च आहे म्हटल्यावर हप्त्याचा प्रश्न आपोआप सुटतो. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेपाच लाख धरू. एक लाख भरून साडेचार लाखाचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता जवळपास ९,४५०. पाच वर्षांत व्याजच १ लाख १७ हजार, म्हणजे एका जुन्या गाडीची किंमत. दिवसाला १२ किलोमीटरसाठी! दुकानाच्या मंदीच्या महिन्यात हा हप्ता मालाच्या पैशातून जातो. मग शेल्फ रिकामं दिसतं आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. असं झालेली दोन दुकानं मी जवळून पाहिली आहेत.

कोणी म्हणेल, गाडी दुकानाच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळेल. नाही मिळत. माणसं बसायच्या अशा लहान गाड्यांवर कलम १७(५) प्रमाणे किराणा दुकानदाराला इनपुट क्रेडिट बंद आहे. जीएसटीचा दुसरा भाग मात्र तुमच्या कामाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा दलाल अजून आधीच्या नव्या किमतीवरून भाव सांगत असेल, तर त्याला ही तारीख सांगा.

आता माझी चूक ऐका. पहिली जुनी गाडी मी डिझेल घेतली. १ लाख ९० हजार. डिझेल स्वस्त, ॲव्हरेज २० च्या वर, मी खूश. BBA केलेल्या माणसाने एवढा तरी विचार करायला पाहिजे होता की महिन्याला ३०० किलोमीटरमध्ये डिझेलचे वाचून वाचून वाचणार किती? दीड वर्षात ईजीआर व्हॉल्व्ह कार्बनने भरला, नंतर इंजेक्टर गेले, ३८ हजाराचं बिल आलं. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, हे गाडी तुमच्यासाठी नाहीच. हिले रोज शंभर किलोमीटर पाहिजे. तुम्ही तं इंजिन गरम होऊच देत नाही." दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही, बॅटरी स्टार्ट मारण्यात जेवढी उतरते तेवढी भरत नाही. म्हणून छोट्या फेऱ्यांसाठी साधी पेट्रोल घ्या, ऑइल किलोमीटरवर नाही तर वर्षाला बदला, आणि आठवड्यातून एकदा खामगावपर्यंत एक चक्कर मारून आणा.

कुठली गाडी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता मिळेल ती बारा वर्षांच्या पुढचीच. अल्टो, वॅगन आर यांचे पार्ट आपल्याकडे कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात, मेकॅनिकचा हात बसलेला आहे. नॅनो सगळ्यात स्वस्त मिळते. गल्लीबोळात वळवायला इतकी सोपी गाडी नाही, पण ती २०१८ मध्ये बंद झाली, इंजिन मागे आहे आणि सुरुवातीच्या मॉडेलला मागून डिकी उघडत नाही. दुचाकीवर अख्खं कुटुंब बसलेलं बघून रतन टाटांना ती सुचली, आणि सगळ्यात स्वस्त गाडी असं तिचं नाव पडलं हेच तिला भोवलं, असं त्यांनीच नंतर मान्य केलं. आपल्या लोकांना स्वस्त वस्तू पाहिजे, पण स्वस्त दिसलेलं नको. तुम्हाला नॅनो चांगल्या अवस्थेत मिळाली आणि जवळ ओळखीचा मेकॅनिक असेल, तर पाहुणे काय म्हणतील ते म्हणू द्या.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिनचा पहिला स्टार्टच खरं बोलतो, आणि छोट्या फेऱ्यांत तुमचा प्रत्येक स्टार्ट थंडच असणार आहे. मग दुपारच्या उन्हात एसी लावून वीस मिनिटं गर्दीतून चालवा, टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. आपल्याकडे अजून एक गोष्ट बघाच. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक. बोअरचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओततात, त्याच पाण्याने गाडी धुतात. रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच उघडा. आत हिरवा किंवा लाल कूलंट दिसला तर ठीक, तांबूस गढूळ पाणी दिसलं तर हात जोडून निघा. दाराच्या खालच्या कडा आणि मॅटखालचा पत्रा बोटाने दाबून पाहा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्याही मेकॅनिकला दाखवा.

कागदावर मात्र जास्त वेळ द्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. १४ वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण वर्षभरात फिटनेस, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर सगळं तुमच्या गळ्यात. पुन्हा नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासूनच ६०० वरून ५,००० झालं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का बघा. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, ते तपासा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि नाव ट्रान्सफर. ती डिझेल गाडी मी फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दलालाला देऊन टाकली. वर्षभराने माझ्या मोबाईलवर चलन आलं, संभाजीनगर रोडचं, ओव्हरस्पीडचं. गाडी कोणाकडे आहे हे दलालालाही सांगता येईना. चलनाचे पैसे भरून सुटलो, अपघात झाला असता तर? सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की नोंदीवर ज्याचं नाव, कायद्याने मालक तोच, मग गाडी त्याने किती जणांना विकलेली असो. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. मी ते चार महिने रात्री गाडीचा नंबर टाकून इन्शुरन्स चालू आहे का बघत बसायचो. बायको म्हणायची, विकलेल्या गाडीची एवढी काळजी, घरातल्या माणसांची कधी घेतली नाही.

अजून एक, दुकानदार म्हणून. मागची सीट पाडून माल भरायचा मोह होतो. मलाही होतो, बॉक्स हलकेच तर असतात. पण खाजगी कारच्या पॉलिसीत सॅम्पल आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक बसत नाही. पोती भरलेली असताना ठोकली, तर कंपनी क्लेमला नाही म्हणू शकते. मालाला लोडर सांगा, भाडं बिलात लावा.

खामगावच्या भावांनी दहा वर्षांची अल्टो घेतली, १ लाख ३५ हजाराला, दुसऱ्याच मालकाची. नाव ट्रान्सफरचा अर्ज झाल्यावरच शेवटचे २० हजार दिले. उरलेल्या १५ हजारातून बॅटरी आणि दोन टायर टाकले. काल फोन आला होता, आईला घेऊन गुरुवारी दर्शनाला येतो म्हणाले. मी म्हटलं, गुरुवारी मंदिराजवळ गाडी आणू नका, माझ्या दुकानामागे लावा.