मानेतला ‘कट्ट’ आणि ‘सरकलेली’ चकती

मोबाइलवर हल्ली एक व्हिडिओ हमखास दिसतो. उताणा झोपलेला रुग्ण, त्याचे डोके दोन्ही हातांत धरलेला कायरोप्रॅक्टर, एक झटका, ‘कट्ट’ असा आवाज आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू. ‘स्लिप डिस्क’ने बेजार झालेले अनेक जण ते पाहून पत्ता शोधू लागतात.

तो आवाज चकती जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो येतो. बोटे मोडताना येतो तोच. मुळात चकती सरकतच नाही. तिचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेच्या मुळावर दाबतो. मग कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. हा गर झटक्याने आत जात नाही. दिलासा असा, की शरीर तो अनेकदा हळूहळू शोषून घेते आणि बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत-महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होते. त्या काळात जो उपचार चालू असेल, श्रेय त्याला मिळते!

साध्या मानदुखीत या उपचाराने आराम पडतो, हे खरे. पण २०१२ साली अमेरिकेत २७२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात घरी करायच्या व्यायामांचा गुणही जवळपास तेवढाच आला.

जोखीम कमी, पण भयंकर आहे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून जातात. त्यांचे अस्तर फाटले तर पक्षाघात होतो. २०१६मध्ये केटी मे ही ३४ वर्षांची अमेरिकी मॉडेल अशीच दगावली. लॉस एंजेलिसच्या शवचिकित्सा कार्यालयाने मानेवरच्या याच उपचाराला कारण ठरवले. अर्थात, फाटलेली रक्तवाहिनी स्वतःच मान दुखवते आणि तेच दुखणे घेऊन रुग्ण उपचाराला जातो, त्यामुळे दरवेळी दोष कोणाचा हे सांगता येत नाही. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४मध्ये एवढेच म्हटले, की रुग्णाला हा संबंध आधी सांगा.

आपल्याकडे तो सांगायला लावणार कोण? ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची परिषद आहे. भारतात अशी वैधानिक परिषद नाही. तेव्हा चौकशी रुग्णानेच करायची. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर दाब मज्जारज्जूवर असू शकतो. अशा मानेला कुणालाही हात लावू देऊ नये. तातडीने अस्थिरोग किंवा मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.