बारा दिवसांची सेवा आणि तेरावा दिवस



या वेळी जरा घरातलीच गोष्ट सांगतो. एप्रिल महिन्यातला रविवार. जयंतीची धामधूम नुकतीच संपली होती, विहारासमोरच्या पताका अजून उतरवायच्या होत्या. दुपारच्या गाडीने आमचा भाचा कर्जतहून खोपोलीला आला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पाठोपाठ त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, पुढच्या गाडीने आली. दोघे एकाच घरातले, पण दोन गाड्यांनी आले, तेव्हाच आम्ही ओळखले की पाणी कुठेतरी मुरते आहे.

भाच्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याच्या वर्गातला एक मित्र ख्रिस्ती आहे. त्यांच्या चर्चची कॉलेजातली मुले मे महिन्यात बारा दिवस नेपाळला जाणार होती. डोंगरातल्या एका गावात शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची, खेळ घ्यायचे, संध्याकाळी प्रार्थना. खर्च माणशी अठरा हजार. मित्राने मोठ्या मनाने याला सांगितले, तूही चल. आणि हा तयार झाला.

बहिणीच्या डोळ्याला धार. म्हणाली, "दादा, बचतगटातून कर्ज काढ म्हणतो. ह्याचे बाबा कंत्राटी कामावर, महिन्याचा पगार महिन्याला पुरत नाही. आणि उद्या पोरगा तिकडचाच झाला तर?"

खरे सांगतो, आमचाही पारा चढला. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाच्या ओटीत घातले आणि आमच्या घरचे पोर दुसऱ्याच्या प्रार्थनेला निघाले! आम्ही तोंड उघडणार, एवढ्यात भाचाच म्हणाला, "मामा, ओरडा, पण आधी एक सांगा. ते निदान कुठेतरी जातात. आपण कुठे जातो? आपले विहार चौदा एप्रिलला उघडते, बुद्धपौर्णिमेला उघडते. बाकी वर्षभर कुलूप. किल्ली कुणाकडे असते ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

किल्ली कुणाकडे असते ते आम्हाला खरोखरच आठवेना. आम्ही गप्प बसलो. चहा झाला. मग रागाने बोलण्यापेक्षा विचाराने बोलावे असे ठरवले, आणि त्या संध्याकाळी मामा-भाच्यांत जे बोलणे झाले तेच आज आपल्यापुढे मांडतो. कारण असा कागद उद्या आपल्यापैकी कुणाच्याही घरी येऊ शकतो.

सुट्टीत परदेशी जाऊन धर्माची सेवा करायची, ही कॉलेजच्या मुलांची चाल आजची नाही. तिची एक मुळी थेट आपल्या मराठी मुलखात येऊन पोचलेली आहे. सन १८०६. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेज आहे. तिथले पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले असताना वादळी पाऊस आला. आपल्याकडे भाताच्या पेंढ्याची उडवी असते तशी गवताची गंजी होती, तिच्या आडोशाला ते बसले आणि तिथेच त्यांनी ठरवले की आपला धर्म घेऊन दूरदेशी जायचे. त्या विचारातून १८१० साली परदेशी मिशनचे अमेरिकन बोर्ड उभे राहिले. त्याच कॉलेजचा एक पदवीधर, गॉर्डन हॉल, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई बंदरात उतरला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. पण हॉल हटला नाही.

पुढे त्याने काय केले ते महत्त्वाचे आहे. तो मराठी शिकला. मुंबईत शाळा काढल्या. मराठी पुस्तके छापायला मिशनचा छापखाना उभा राहिला. मार्च १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला पटकीची साथ होती. तिथे आजाऱ्यांना औषधे वाटत फिरताना त्यालाच पटकी झाली आणि नाशिकजवळच्या एका खेड्यात तो वारला. वय एक्केचाळीस. मराठी मुलखात त्याची तेरा वर्षे गेली.

त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ साली आल्या. आधी मुंबईत आणि नंतर अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली अहमदनगरलाच देह ठेवला. त्यांची शाळा महात्मा जोतीराव फुले यांनी जाऊन पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. स्वतः जोतीरावांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. मिशनकडून घेण्यासारखे ते त्यांनी घेतले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली आपला सत्यशोधक समाज काढला. म्हणजे दुसऱ्याच्या दारात गेले की माणूस बाटतो, ही भीती आमच्या बहिणीने तरी धरू नये. ज्याच्या डोक्याचे दार उघडे आहे आणि पायाखालची जमीन पक्की आहे, तो कुठेही जाऊन येतो.

मात्र भाच्याला आम्ही विचारले, "गॉर्डन हॉल तेरा वर्षे राहिला, फॅरारबाई जन्मभर राहिल्या. तू बारा दिवस राहणार. नेपाळी भाषा तुला येते?"

"नाही."

"रंग लावायला येतो?"

तो हसला. "घरची भिंत तुम्हीच रंगवलीत, मामा."

"मग अठरा हजार रुपयांत त्या गावातल्याच रंगाऱ्याने शाळा रंगवली असती, त्याच्या घरी चूलही पेटली असती. तू नेमके काय घेऊन चाललास?"

भाचा गप्प झाला. पण आम्ही जिंकलो असे समजू नका. त्याने जे उत्तर दिले त्याने आमचीच मान खाली गेली. म्हणाला, "मामा, इर्शाळवाडीला तुम्ही काय घेऊन गेला होतात?"

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्या खालापूर तालुक्यातला माणूस विसरणार नाही. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर बांधवांची वाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नाही, यंत्र चढत नाही, पाऊस थांबत नाही. सत्तावीस मृतदेह हाती लागले. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ताच होती. त्या दिवसांत मुंबई-पुण्याहून मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. आम्हीही वस्तीत वर्गणी काढून टेम्पो भरला. कपडे, चादरी, बिस्किटे. चौकला गेलो, सामान उतरवले, बॅनर धरून फोटो काढला आणि दिवेलागणीला घरी आलो. चार दिवस कौतुक झाले. त्यानंतर त्या माणसांकडे आम्ही एकदाही गेलो नाही. घरी कोण उरले, पोरांची शाळा कुठे लागली, कामधंदा मिळाला का, काही विचारले नाही. आमच्या घरापासून ते लोक किती लांब? तासाभराचीही वाट नाही.

म्हणजे भाचा बारा दिवसांसाठी चालला होता, आणि आमची सेवा तर एका दुपारचीच होती! दोष ख्रिस्ती मुलांना देऊन आम्ही मोकळे होणार होतो. पण मदत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचाच फोटो मोठा, हा रोग कुठल्या एका धर्माचा नाही. आपल्याकडे श्रामणेर शिबिरे होतात. दहा दिवस मुले चीवर घालतात, एकवेळ जेवतात, वंदना पाठ करतात. फार चांगली गोष्ट आहे. पण अकराव्या दिवशी चीवर उतरले की त्या मुलांचे पुढे काय, हे किती शाखा विचारतात?

आता दुसरा एक प्रवास पाहू. गॉर्डन हॉल १८१३ ला अमेरिकेतून मुंबईला आला. बरोबर शंभर वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, मुंबईचा एक बावीस वर्षांचा पदवीधर न्यूयॉर्कला उतरला. ते आपले भीमराव. सुभेदार रामजीबाबा त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. मागे माता रमाई आणि गरिबीचा संसार. हाताशी सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार. परदेशी पाऊल ठेवताना बाबासाहेब कुणाला काही शिकवायला गेले नाहीत. शिकायला गेले, आणि मिळवलेली विद्या आपल्या माणसांच्या कामी लावली. रमाईने त्या प्रवासाची किंमत कशी भरली ते आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको.

धर्माच्या बाबतीतही तेच. १९३५ साली येवल्याला घोषणा झाली आणि सगळ्या धर्मांचे पुढारी बाबासाहेबांच्या दारी आले. ख्रिस्तीही आले. बाबासाहेबांनी कुणाचा अपमान केला नाही, पण घाईही केली नाही. ख्रिस्ती झालेल्या आपल्याच बांधवांची जात चर्चमध्ये गेल्यावर गेली का, हे त्यांनी तपासून पाहिले. १९५० साली सिलोनला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात गेले, तिथले बौद्ध कसे राहतात ते डोळ्यांनी पाहिले. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षा घेतली. आणि भाचा जिथे निघाला होता त्या नेपाळातच, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला, बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये गेले होते. शरीर थकलेले, पाय साथ देत नव्हते, तरी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत ६ डिसेंबर उजाडला.

आईबापांसाठी चार कामाच्या गोष्टी. कुठल्याही संस्थेबरोबर, मग ती आपली असो की परक्याची, मुलगा-मुलगी बाहेरदेशी जाणार असेल तर आधी विचारा: परतीचे तिकीट काढले आहे का, ओळखीची कागदपत्रे व पासपोर्ट मुलाच्याच हाती राहणार का, राहण्याचा पत्ता कोणता, आजारी पडल्यास जबाबदार कोण, मुलींबरोबर बाई माणूस कोण. दुसरे, तिथला कायदा विचारा. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून कायदाच नाही असे नव्हे. तिथल्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे, फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. गाणी शिकवायला गेलेले पोर अशा भानगडीत सापडले तर कोण धावणार? तिसरे, कर्ज काढून सेवा करू नका. चौथे, परदेशाचीच ओढ असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती समाजकल्याण कार्यालयात मिळते. पदवीला चांगले गुण पाडा, त्या वाटेने जा. ती बाबासाहेबांची वाट आहे.

हे सारे भाच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "आम्ही नाही म्हणत नाही. फक्त एवढे सांग, बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी तू काय करशील?"

तो रात्री काही बोलला नाही. सकाळच्या गाडीने गेला. दोन दिवसांनी फोन आला, "मामा, नाही जात." मित्र मात्र गेला, आणि जूनमध्ये आम्ही त्याला मुद्दाम घरी जेवायला बोलावले. गुणी पोरगा. आम्ही विचारले, कसे झाले? म्हणाला, "काका, शाळा रंगवली, पण आमच्यापेक्षा तिथल्या लोकांनीच जास्त रंगवली. ज्या घरी उतरलो होतो त्या आजीने स्वतःच्या ताटातली भाजी मला वाढली. निघताना ती रडली. मी परत कधी येईन विचारत होती. मला उत्तर देता आले नाही." एवढे बोलून त्याने मान खाली घातली. आमच्या बहिणीने न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

कर्जतजवळ कोंढाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू तिथे पावसाळ्याचे तीन महिने राहत. बाकी काळ फिरायचे, वर्षावासात एका जागी थांबायचे. तिथल्या दगडावर बलक नावाच्या माणसाचे नाव कोरलेले आहे, आणि तो स्वतःची ओळख कण्हाचा शिष्य अशी देतो. तोही विद्यार्थीच. भगवंतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी फिरायला सांगितले, तसेच थांबायलाही सांगितले. फिरणे सोपे असते, थांबणे अवघड.

दिवाळीनंतर आपल्या भागातल्या कातकरी वाड्या ओस पडतात. सारी माणसे वीटभट्टीवर. मोठी मुले विटा वाहतात, लहानगी त्याहून लहान भावंडे सांभाळतात, शाळेच्या पटावर नाव तेवढे राहते. यंदा भट्ट्या लागल्या तेव्हा भाचा आणि त्याचा तो मित्र, दोघे पळसदरीच्या बाजूला एका भट्टीवर रविवारी जाऊ लागले. पाट्या, पेन्सिली आणि बाराखडीचा तक्ता. ना गाणी, ना प्रार्थना, ना वंदना. पहिल्या रविवारी सात मुले आली, दुसऱ्याला तीन. तिसऱ्याला मुकादमाने हाकलून लावले, चौथ्याला आम्ही बरोबर गेलो.

विहाराची किल्लीही सापडली. चिटणीसांच्या घरी खुंटीला होती. आता रविवारी सकाळी विहार उघडते. झाडलोट आमच्याकडे आहे, आणि वस्तीतली पोरे अभ्यासाला बसतात.

चार रविवार झाले आहेत. पाचव्याची बढाई आम्ही आज मारत नाही. जाऊन आलो की सांगू.

जयभीम. नमो बुद्धाय.