तांब्या आपला, पाणी स्टेशनाचे

पूर्वी प्रवासी फिरकीचा तांब्या बरोबर घेई आणि वाटेत स्टेशनावर भरी. आमचे चिरंजीव खिशात पेनड्राइव्ह टाकून निघतात. त्यातले ‘पोर्टेबल’ प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर बसवावे लागत नाहीत. पेनड्राइव्ह खोचला की तिथूनच चालतात. जॉन हॉलर यांनी २००४ मध्येच फायरफॉक्स ब्राउझर असा फिरता केला. वाचनखुणा, आवडीनिवडी साऱ्या आपल्याच खिशात!

सोय मोठी खरी. पण तांब्या आपला असला, तरी पाणी स्टेशनाचेच! परक्या संगणकात दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा चोर-प्रोग्रॅम दडला असेल, तर बँकेचा पासवर्ड गेलाच म्हणून समजा. तेव्हा तिथे पत्र खुशाल लिहावे; पैशांचे व्यवहार मात्र घरीच करावेत.